क्रिएटिनिन ०.९ आहे, मग भावाला किडनीचा रेडिओअ‍ॅक्टिव्ह स्कॅन कशाला?

निफाडचा_द्राक्षवाला
नमस्कार मंडळी. धाकटा भाऊ, वय ३१, बागेची फवारणी-ट्रॅक्टर सगळं तोच बघतो. डाव्या कुशीत अधूनमधून दुखायचं, आणि गंमत म्हणजे भरपूर पाणी प्यायला की जास्त दुखतं, उन्हातून आला की गटागटा पितो आणि अर्ध्या तासात कूस धरून बसतो. आम्हाला वाटलं मुतखडा. नाशिकला सोनोग्राफी केली तर खडा काही नाही, पण डावी किडनी सुजलेली, रिपोर्टवर 'मॉडरेट हायड्रोनेफ्रोसिस, पीयूजे ऑब्स्ट्रक्शन?' असं प्रश्नचिन्हासकट लिहिलंय. रक्त तपासलं, क्रिएटिनिन ०.९, युरिया नॉर्मल, सगळं नॉर्मल. तरी युरोलॉजिस्टने 'डीटीपीए रेनोग्राम विथ लॅसिक्स' लिहून दिलाय, लॅसिक्स म्हणजे लघवी वाढवणारं औषध. शिरेतून रेडिओअ‍ॅक्टिव्ह औषध देतात म्हणे. आई म्हणते ज्या किडनीला सूज आहे तिच्यातच अणुबॉम्बचं औषध कशाला घालायचं. मलाही कळेना, रक्त नॉर्मल आहे तर हे कशासाठी? उगाच टेस्ट वाढवतायत का? कुणी केलाय का नाशिकमध्ये, अनुभव सांगा. काढणी चालू आहे त्यामुळे रोज नाशिकला चकरा मारणं जमत नाही.

आबा_पंचवटी
रिपोर्ट नॉर्मल असताना असले किरण अंगात घेऊ नका. कुळथाचं कढण आणि गोखरूचा काढा महिनाभर द्या. आमच्या वेळी कुठे होते हे स्कॅन.

गॅमा_गोदा
आबा, कढण प्यायला हरकत नाही, पण इथे खडा नाहीये, किडनीतून मूत्रनळी जिथे निघते तिथे अडतंय अशी शंका आहे, त्याला कुळीथ काय करणार.

द्राक्षवाले भाऊ, मी न्यूक्लियर मेडिसिनमध्ये टेक्नॉलॉजिस्ट आहे, बरीच वर्षं, कुठे ते सांगत नाही. तुमचा प्रश्न एकदम बरोबर आहे आणि रोज कोणीतरी विचारतंच. क्रिएटिनिन म्हणजे रक्तातला टाकाऊ पदार्थ, किडन्या तो गाळून टाकतात, आणि त्याचा आकडा दोन्ही किडन्यांचं मिळून येतं. एका विहिरीवर दोन मोटारी आहेत आणि पाणी एकाच पाइपातून हौदात पडतंय असं धरा. हौद भरतोय एवढं बघून कुठली मोटार नीट चालते आणि कुठली नुसती घरघरते हे कळत नाही. उजवी किडनी चांगली असली की ती डावीचं काम अंगावर घेते, आणि एकूण गाळण्याची ताकद जवळजवळ निम्म्यावर येईपर्यंत क्रिएटिनिन मर्यादेतच दिसू शकतं. अंगापिंडाने मजबूत माणसाचं मुळात जरा जास्त असतं, म्हातारी बारीक बाई असेल तर किडनी कमी झालेली असूनही १ च्या आत दिसतं, म्हणून नुसत्या आकड्यावर जायचं नाही.

सोनोग्राफी काय सांगते, तर सूज आहे. सूज म्हणजे अडथळाच असं नसतं. कधी जन्मापासून पेल्व्हिस, म्हणजे किडनीतली लघवी जमा होते ती पिशवी, मोठी असते आणि लघवी आरामात वाहत असते, तिला हात लावायची गरज नसते. आता अडतंय का, आणि त्या किडनीचं काम किती उरलंय, हे दोन प्रश्न स्कॅन सोडवतो. ऑपरेशन करायचं की नुसतं लक्ष ठेवायचं हे त्यावर ठरतं. टेस्ट वाढवत नाहीयेत.

सिन्नरची_सुमेधा
गोदा ताई की दादा माहीत नाही, पण छान सांगितलंत. एक विचारू का, हे औषध 'कॉन्ट्रास्ट'च ना? माझ्या सासऱ्यांना शुगर आहे, क्रिएटिनिन २.१, त्यांना सीटीचा कॉन्ट्रास्ट देऊ नका सांगितलंय.

गॅमा_गोदा
ताई चालेल :) नाही, कॉन्ट्रास्ट नाही. सीटीच्या कॉन्ट्रास्टमध्ये आयोडीन असतं आणि ते चांगलं ५०-१०० मिली जातं. इथे जातं ते एक-दोन मिली पाणी, त्यात औषधाचं वस्तुमान इतकं कमी की किडनीला ते जाणवतही नाही. म्हणून क्रिएटिनिन वाढलेल्यांनाही देता येतं. अ‍ॅलर्जी अगदी क्वचित. फक्त किडनी फार कमी चालत असेल तर चित्र पुसट येतं, मग डीटीपीएऐवजी ईसी घेतात, त्याबद्दल पुढे लिहिते.

कसारा_घाट
थोडी फिजिक्सची बाजू, मी कॉलेजात शिकवतो. ह्या सगळ्याच्या मुळाशी टेक्नेशियम-९९एम आहे. हे मूलद्रव्य पृथ्वीवर जवळपास सापडतच नाही, माणसाने पहिल्यांदा कृत्रिमरीत्या मिळवलेलं मूलद्रव्य हेच. १९३७ साली इटलीतल्या पालेर्मोमध्ये सेग्रे आणि पेरिए यांनी ते शोधलं, आणि कशात, तर अमेरिकेत बर्कलीच्या सायक्लोट्रॉनमधून (अणूंचे कण वेगाने फिरवणारं यंत्र) काढून पाठवलेल्या मॉलिब्डेनमच्या पत्र्यात! मग १९३८ ला सेग्रे आणि सीबोर्गने हे 'एम'वालं रूप ओळखलं. दवाखान्यातच टेक्नेशियम काढून घेता येईल असा डबा, म्हणजे जनरेटर, निघायला १९५० च्या दशकाचा शेवट उजाडला, अमेरिकेतल्या ब्रूकहेवन प्रयोगशाळेत.

का आवडतं डॉक्टरांना, तर एक, अर्धायुष्य ६ तास. म्हणजे सकाळी १० ला दिलं तर दुपारी ४ ला निम्मं, रात्री १० ला पाव, दुसऱ्या दिवशी सकाळी १० ला सोळावा हिस्सा. आणि हे नुसतं भौतिक, किडनीचं औषध तर लघवीतून बाहेरही पडत असतं. दोन, ते १४० केव्हीचे गॅमा किरण सोडतं, शरीराबाहेर येऊन कॅमेऱ्यात पकडायला एकदम सोयीचे, आणि बीटा जवळजवळ नाहीच. पेशींचं नुकसान करतात ते मुख्यतः बीटा-अल्फावाले, त्यामुळे 'अणुबॉम्बचं औषध' हे आईंना सांगा की तसं नाही.

गॅमा_गोदा
केव्ही नाही हो सर, केईव्ही, किरणांच्या ऊर्जेचं माप :)

कसारा_घाट
बरोबर, केईव्ही, मोबाइलवर टाइप करतोय.

वैतागवाडी
पण मग ६ तासात निम्मं होतं तर नाशिकला आणतात कसं? मुंबईहून गाडी कसाऱ्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकली की संपलं सगळं 😂

गॅमा_गोदा
हसू नका, ट्रॅफिकचा हिशोब आम्हाला करावाच लागतो. पण टेक्नेशियम थेट आणत नाहीत, त्याचा बाप आणतात, मॉलिब्डेनम-९९, त्याचं अर्धायुष्य ६६ तास. तो शिशाच्या जाड डब्यातल्या नळीत अ‍ॅल्युमिनावर चिकटवलेला असतो, ह्याला जनरेटर म्हणतात. तो आत स्वतःहून टेक्नेशियम बनत राहतो, आणि आम्ही रोज सकाळी वरून सलाइन सोडून खाली फक्त टेक्नेशियम काढून घेतो. एक जनरेटर आठवडाभर पुरतो, शुक्रवारपर्यंत दम कमी होतो, म्हणून जास्त डोसचे पेशंट आम्ही आठवड्याच्या सुरुवातीला घेतो. मॉलिब्डेनम जगात मोजक्याच रिअ‍ॅक्टरमध्ये बनतं. २००९ मध्ये कॅनडाचा चॉक रिव्हरचा रिअ‍ॅक्टर वर्षभरापेक्षा जास्त बंद होता तेव्हा जगभर स्कॅन पुढे ढकलावे लागले होते.

आणि टेक्नेशियम एकटं किडनीत जात नाही. त्याला बांधायला एक छोटी बाटली असते, आत कोरडी पांढरी पावडर, डीटीपीए असेल तर डीटीपीएची, सोबत थोडं टिनचं क्लोराइड. त्यात टेक्नेशियम टोचायचं, हलवायचं, काही मिनिटं ठेवायचं, झालं. ही किट वाशीला ब्रिटकडेही बनतात, अणुऊर्जा खात्याचंच ते. बांधणी नीट झाली नाही तर सुटं टेक्नेशियम पोटात आणि थायरॉइडमध्ये जाऊन बसतं, स्क्रीनवर जठर चमकायला लागलं की आम्हाला कळतं किट बिघडलं.

आता सुमेधाताईंना म्हटलं होतं ते. ट्रेसर, म्हणजे कॅमेऱ्याला माग काढता येईल असं औषध, तीन-चार आहेत आणि सगळे वेगळं मोजतात, हे पेशंटला कोणी सांगत नाही. डीटीपीए फक्त गाळला जातो, किडनीत आलेल्या रक्तातला साधारण पाचवा हिस्सा एका फेरीत, म्हणून त्याच्यावरून जीएफआर, म्हणजे किडनीचा गाळण्याचा वेग, काढता येतो. निरोगी तरुण माणसाचा दोन्ही मिळून मिनिटाला १०० ते १२० मिली, म्हणजे दिवसाला साधारण १४५-१७० लिटर गाळलं जातं, त्यातलं दीड-दोन लिटर सोडून सगळं परत शोषलं जातं. ईसी आणि परदेशात जास्त चालणारं मॅग३ हे किडनीच्या सूक्ष्म नळ्या ओढून घेतात, एका फेरीत डीटीपीएच्या दुपटीहून जास्त, म्हणून चित्र ठसठशीत येतं. लहान बाळं, कमजोर किडनी, अडथळा, इथे ईसी बरं. मॅग३ चं जुनं किट उकळत्या पाण्यात ठेवावं लागतं, ईसीला ती भानगड नाही, आपल्याकडे ईसी रुळायला हे एक कारण आहेच. चौथं डीएमएसए, ते किडनीच्या कॉर्टेक्समध्ये, म्हणजे बाहेरच्या थरात, चिकटून बसतं, वाहत नाही, त्याच्यावर व्रण दिसतात.

इंदिरानगर_आई
डीएमएसए आमच्या मुलीचं झालंय. तीन वर्षांची, सारखा थंडी वाजून ताप, दर वेळी लघवीत इन्फेक्शन, शेवटी एमसीयूमध्ये (मूत्राशयात औषध भरून लघवी करताना काढतात तो एक्स-रे) कळलं की लघवी मूत्राशयातून उलटी वर किडनीकडे जाते. मग डॉक्टरांनी डीएमएसए सांगितलं पण लगेच नको, इन्फेक्शन गेल्यावर ४ ते ६ महिने थांबून, कारण ताज्या सुजेचा डागही व्रणासारखाच दिसतो, थांबल्यावर जो उरतो तो खरा. सकाळी इंजेक्शन, मग तीन तास थांबायचं, मी तिला तिथेच भात भरवला. फोटो काढताना हलू द्यायचं नाही हे सगळ्यात अवघड, सिडेशन नको म्हणून मी तिला आदल्या रात्री उशिरा झोपवलं आणि पहाटे उठवलं, कॅमेऱ्याखाली आडवी केली तेव्हा आपोआप डोळा लागला. तंत्रज्ञ दादाने वाळूच्या पिशव्या दोन्ही बाजूंनी लावल्या. डाव्या किडनीच्या वरच्या टोकाला खाच दिसली. ती खाच सोनोग्राफीत दिसली नव्हती.

सासूबाईंनी दोन दिवस तिला जवळ घेतलं नाही, आधी वाईट वाटलं, मग सेंटरमध्ये विचारलं तर म्हणाले घेऊ द्या, फक्त डायपर बदलल्यावर हात धुवा आणि डायपर पिशवीत बांधून टाका.

गॅमा_गोदा
हो, हात धुणं, भरपूर पाणी, वारंवार लघवीला जाणं आणि मोठ्यांनी संडासात दोनदा फ्लश. एवढंच. गरोदर असेल, शंका जरी असेल, किंवा अंगावर पाजत असेल तर बुकिंगच्या वेळीच सांगायचं, टेबलावर आडवं झाल्यावर नाही.

किरणांचा आकडा आबांसाठी: डीटीपीएचा साधारण ५ मिलिक्युरी डोस धरला तर १ मिलिसिव्हर्टच्या (अंगाला लागलेल्या किरणांचं माप) आसपास. जमीन, हवा, आकाश यांच्यातून माणसाला जगात सरासरी वर्षाला २.४ मिळतंच. पोटाचा कॉन्ट्रास्ट सीटी ८-१० च्या घरात जातो. आणि कॅमेरा काहीच सोडत नाही, तो फक्त बघतो. कितीही वेळ झोपवलं तरी डोस वाढत नाही.

आबा_पंचवटी
बरं बुवा. सीटीचं मला कोणी सांगितलं नव्हतं, माझे चार झालेत.

निफाडचा_द्राक्षवाला
मंडळी, काल झाला स्कॅन. डीटीपीए. रिपोर्ट लिहितो: डावी जीएफआर १७, उजवी ४१, टोटल ५८ मिली/मिनिट. स्प्लिट फंक्शन डावी २९ टक्के, उजवी ७१ टक्के. लॅसिक्स टी-हाफ डावीचा २६ मिनिट. खाली लिहिलंय 'ऑब्स्ट्रक्टिव्ह पॅटर्न, ग्रॉसली रिड्यूस्ड फंक्शन'. भाऊ एकदम खचलाय, नेटवर बघितलं तर ५८ म्हणजे किडनीच्या आजाराची तिसरी स्टेज म्हणतात. एकाने सांगितलं २९ म्हणजे काढूनच टाकतील. खरं काय?

मुंबईनाका_डोनर
घाबरू नका भाऊ. काढून टाकायचा विचार साधारण किडनीचं काम १० टक्क्यांच्या खाली गेलं की होतो, तेही डॉक्टर बऱ्याच गोष्टी बघून ठरवतात. मी बहिणीला किडनी दिलीय. देण्याआधी माझाही डीटीपीए झाला, कोणती किडनी काढायची ह्याच्यासाठी. दोघींत जी थोडी कमी चालते ती घेतात, चांगली दात्याकडेच ठेवतात, हा नियम मला फार आवडला. आता एकीवर मजेत चाललंय, उरलेली वाढून पहिल्या एकूण कामाच्या दोन तृतीयांशापेक्षा जास्त भरून काढते.

गॅमा_गोदा
थांबा थांबा. भावाला सांगा नेट बंद कर. मला ह्या रिपोर्टमध्ये एक गोष्ट खटकतेय. ३१ वर्षांचा दणकट पोरगा, क्रिएटिनिन ०.९, त्यावरून फॉर्म्युल्याने काढलेला ईजीएफआर शंभरच्या वर येतो. आणि स्कॅन म्हणतो ५८. एवढी तफावत पडू नये. दोन्हीपैकी काहीतरी चुकतंय आणि मला संशय स्कॅनवर आहे.

गेट्सची पद्धत सांगते म्हणजे समजेल, १९८२ पासून चालू आहे आणि बहुतेक ठिकाणी हीच वापरतात. इंजेक्शन द्यायच्या आधी भरलेली सिरिंज कॅमेऱ्यासमोर धरून मोजतात, दिल्यावर रिकामी सिरिंज परत मोजतात, वजाबाकी म्हणजे शरीरात गेलेला डोस. मग दुसऱ्या-तिसऱ्या मिनिटाला प्रत्येक किडनीत त्याचे किती टक्के आले ते बघतात, किडनी पाठीपासून किती खोल आहे ते उंची-वजनावरून अंदाजाने धरतात, आणि सूत्रात टाकून जीएफआर. आता समजा इंजेक्शन शिरेबाहेर मांसात गेलं. सिरिंज तर रिकामीच झाली, कॉम्प्युटर म्हणतो पूर्ण डोस गेला. पण किडनीपर्यंत पोचला अर्धाच. आकडा खोटा कमी.

तीन प्रश्न. इंजेक्शनची जागा फुगली होती का? स्कॅनआधी पाणी किती प्यायला होता? आणि लॅसिक्सनंतर लघवी करून परत फोटो काढला का?

निफाडचा_द्राक्षवाला
अहो ताई! कोपराच्या आत लिंबाएवढी गाठ आली होती, दोन दिवस दुखत होता हात. आम्ही म्हटलं इंजेक्शनने होतं असं. शीर सापडत नव्हती, दोनदा टोचलं. पाणी म्हणाल तर त्याने उपाशीपोटीच जायचं म्हणून पहाटेपासून थेंब घेतला नव्हता, रक्ताच्या टेस्टला जातात तसं वाटलं त्याला, आणि तिथेही कोणी विचारलं नाही. लघवी करून फोटो वगैरे काही नाही, अर्धा तास आडवा होता, शेवटची दहा मिनिटं इतकी जोराची लागली होती म्हणे की दात ओठ खाऊन पडून होता, झालं म्हटल्यावर पळाला.

गॅमा_गोदा
मग झालंच. हा स्कॅन परत करावा लागेल, दुसऱ्या ठिकाणी करा हवं तर. उपाशी जायचं नसतं. खाऊन-पिऊन जायचं, स्कॅनआधीच्या अर्ध्या-पाऊण तासात अर्धा लिटर पाणी, आणि टेबलावर चढण्याआधी लघवी करून यायचं. कोरड्या माणसाच्या किडनीतून लघवीच हळू वाहते, मग लॅसिक्स देऊनही आलेख खाली येत नाही आणि अडथळा नसताना अडथळा दिसतो. मूत्राशय तुंबलेलं असलं तरी तेच, वरची लघवी खाली जाणार कुठे. म्हणून शेवटी लघवी करून, थोडं उभं राहून, एक फोटो घ्यायचाच असतो.

टी-हाफ म्हणजे लॅसिक्सनंतर पेल्व्हिसमधलं निम्मं औषध वाहून जायला लागलेला वेळ. १० मिनिटांच्या आत असेल तर मोकळं, २० च्या वर अडथळा, मधलं ठाम सांगता येत नाही. पण पेल्व्हिस खूप फुगलेली असली किंवा किडनीचं कामच कमी असलं की हा आकडा एकटा दगा देतो. टी-हाफ २६ वाचून कुणी ऑपरेशन ठरवू नये आणि ९ वाचून निश्चिंतही होऊ नये, आलेखाचा आकार बघायचा. निरोगी किडनीचा आलेख पटकन चढतो, तीन ते पाच मिनिटांत शेंड्याला पोचतो आणि घसरतो. अडलेल्या किडनीचा चढतच राहतो, लॅसिक्स दिलं तरी. आणि एक मधला प्रकार असतो, चढत राहतो पण लॅसिक्स दिल्यावर धाडकन पडतो, तो म्हणजे नुसती सैल पेल्व्हिस, अडथळा नाही. ह्यासाठीच तर लॅसिक्स देतात, १९७८ ला ओ'रायलीने ही रीत मांडली.

आणि स्प्लिट टक्केवारीबद्दल. इंजेक्शन गळालं तरी दोन्ही किडन्यांना सारखंच कमी मिळतं, त्यामुळे टक्के जीएफआरइतके बिघडत नाहीत. पण काउंट, म्हणजे कॅमेऱ्याने मोजलेले किरण, कमी पडले की आजूबाजूच्या रक्ताची वजाबाकी करताना सुजलेल्या किडनीवर अन्याय होतो. २९ वर विश्वास ठेवू नका, सोडूनही देऊ नका.

वैतागवाडी
म्हणजे पैसे गेले आणि परत पैसे. सेंटरला जाब विचारा.

गॅमा_गोदा
जाब जरूर विचारा, पण भांडू नका, इंजेक्शनच्या जागेचा फोटो आहे का ते विचारा. शिस्तीचं सेंटर असेल तर हाताचाही एक फोटो काढून ठेवतं. बरेचदा स्वतःहून फुकट रिपीट करून देतात.

कसारा_घाट
एक शंका, रक्ताचे नमुने घेऊन जीएफआर काढतात ना, ते जास्त अचूक नाही का? मग गेट्स कशाला?

गॅमा_गोदा
जास्त अचूकच. डीटीपीए देऊन दोन-तीन तासांनी एक-दोन वेळा रक्त घ्यायचं आणि प्लाझ्मा किती वेगाने साफ होतोय ते मोजायचं. किडनी दात्याचा आकडा काठावर असला की बरेच ठिकाणी ते करतात. पण ते दोन्ही किडन्यांचं मिळूनच सांगतं, वेगवेगळं नाही, आणि पेशंट दिवसभर अडकतो. गेट्सचा जीएफआर हा अंदाज आहे असं धरून चालायचं, स्प्लिट मात्र कॅमेऱ्याचंच काम.

निफाडचा_द्राक्षवाला
अपडेट. मुंबईला मामाकडे होतो म्हणून तिकडेच दुसऱ्या ठिकाणी केला, ईसी स्कॅन. ह्या वेळी पोरगं पोहे खाऊन, बाटलीभर पाणी पिऊन गेलं. तिथल्या मॅडमने आधी शिरेत सुई बसवून सलाइन सोडून बघितलं मग औषध दिलं. स्क्रीन भावाला दिसत होती, म्हणाला आधी नुसते ठिपके, मग उजवी किडनी दोन मिनिटांत पिवळीधमक, डावी मागून हळूहळू भरत गेली आणि मधे काळी पोकळी, ती शेवटी पांढरी झाली आणि तशीच राहिली. रिपोर्ट: डावी ३७, उजवी ६३ टक्के. उजवीचा टी-हाफ ६ मिनिट, डावीचा २४. लघवी करून उभं करून फोटो घेतला, डावीत तरी भरपूर शिल्लक. ह्यात जीएफआरचा आकडाच नाहीये, तो का नाही दिला? आणि २९ चे ३७ झाले म्हणजे सुधारलं का?

गॅमा_गोदा
सुधारलं नाही, नीट मोजलं गेलं. ईसी मुख्यतः नळ्यांतून जातं, गाळलं फार थोडं जातं, त्यामुळे त्याच्यावरून जीएफआर काढत नाहीत, काढलाच तर तो वेगळा आकडा असतो आणि जुन्या डीटीपीएच्या आकड्याशेजारी ठेवायचा नसतो. क्रिएटिनिन आहेच तुमच्याकडे, एकूण काम चांगलं आहे.

आता चित्र स्वच्छ आहे. पाणी प्यायलेला, लघवी केलेला, उभा केलेला, तरी उतरत नाही, म्हणजे अडथळा खरा. आणि डावीचं काम ४० च्या खाली आलंय, पण वाचवण्यासारखं भरपूर आहे. युरोलॉजिस्ट बहुतेक पायलोप्लास्टी सांगतील, अरुंद भाग कापून परत जोडतात, दुर्बिणीतून होतं.

निफाडचा_द्राक्षवाला
तेच सांगितलंय. पायलोप्लास्टी, आत काही आठवडे स्टेंट, म्हणजे वाट उघडी ठेवणारी बारीक नळी. काढणी अजून महिनाभर आहे, नंतर एप्रिलची खरड छाटणी. भाऊ म्हणतो काढणी उरकून करू. चालेल का?

मुंबईनाका_डोनर
हे युरोलॉजिस्टला विचारा, इथे नको. पण महिन्याचे तीन महिने करू नका, छाटणीला माणूस मिळतो.

गॅमा_गोदा
डॉक्टर हो म्हणाले तर महिनाभराने बिघडत नाही शक्यतो. मात्र थंडी वाजून ताप आला आणि कूस दुखली तर गाडी भरलेली असो नसो, त्याच दिवशी दवाखाना, अडलेल्या किडनीत इन्फेक्शन म्हणजे इमर्जन्सी, तिथे एक दिवसही थांबत नाहीत. तोवर एका दमात तांब्याभर पाणी प्यायचं नाही, थोडं थोडं.

ऑपरेशननंतर स्टेंट निघाला की साधारण तीन महिन्यांनी परत स्कॅन लिहून देतील. तेव्हा मुंबईच्या त्याच ठिकाणी जा, ईसीच करा, आणि लॅसिक्स ह्या वेळी कितव्या मिनिटाला दिलं ते रिपोर्टवरून बघून तसंच द्यायला सांगा. कोणी इंजेक्शनबरोबर देतं, कोणी वीस मिनिटांनी, ते बदललं की आलेख बदलतो आणि तुलना करता येत नाही. नुसता रिपोर्टचा कागद नाही, आलेखाची पानं आणि सीडी पण मागून ठेवा.

निफाडचा_द्राक्षवाला
सीडी दिली नाही त्यांनी, उद्या फोन करतो. मामाला पाठवतो आणायला. ताई, नाशिकला असाल तर पेटी पाठवू का, थॉमसन आहे.

वैतागवाडी
आम्ही पण दोन रिप्लाय दिलेत हो भाऊ.